आठ महिन्यांत एकही तांबडं स्टिकर नाही

जपानला जाणाऱ्या अमेरिकन माणसांना जपान शिकवायचं काम मी अठरा वर्षं केलं. राहायचं अमेरिकेत, शिकवायचा जपान, आणि शिकवणारी मी पुण्याची. यात काही गमतीचं आहे हे एकाही कंपनीच्या लक्षात आलं नाही, आणि मीही ते लक्षात आणून दिलं नाही.

कामाचं स्वरूप आधी सांगते. आमच्या मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या मराठी मंडळींचा समज होता की मी जपानी भाषेच्या शिकवण्या घेते, आणि उरलेल्यांना वाटायचं मी सुशी करायला शिकवते. तसं नाही. एखादी कंपनी आपला माणूस दोन-तीन वर्षांसाठी जपानला पाठवते. पाठवण्याआधी त्या जोडप्याला दोन दिवस माझ्यासमोर आणून बसवते. चपला कुठे काढायच्या, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, ट्रेनमध्ये फोनवर का बोलायचं नाही, हे मी त्यांना सांगायचं. आणि समोरचा माणूस ‘बघू या’ म्हणाला म्हणजे ते काम होणार नाही, हेही. हे शेवटचं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. अमेरिकन माणसाला त्यावर पाऊण तास लागतो.

माझी पात्रता एवढीच की मी पुण्यात जपानी शिकले होते आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं नागोयाजवळच्या एका गावात काढली होती. नंतर सुधीरची नोकरी इकडे नॉर्थ कॅरोलिनात आली आणि तिच्याबरोबर मीही आले. इथे जपानी येणारी भारतीय बाई म्हणून दोन-तीन कंपन्यांनी मला बघायला बोलावलं आणि ठेवून घेतलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असायची. एक सहा फूट चार इंचांचे साहेब होते, फार प्रेमळ. त्यांना माणसांना मिठी मारायची सवय. जपानमध्ये मिठी मारायची नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “प्रोजेक्ट संपल्यावर?” मी म्हटलं, नाही. “निरोप घेताना विमानतळावर?” नाही. ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “कुणी वारलं तर?” मी म्हटलं, तेव्हा तर मुळीच नाही. साहेबांनी वही मिटली. सहा महिन्यांनी त्यांनी मला फोटो पाठवला. त्यात ते एका जपानी माणसाला मिठी मारून उभे होते आणि त्या माणसाचे दोन्ही हात शरीराला चिकटलेले होते. खाली लिहिलं होतं, ‘ही वॉज ओके विथ इट.’ फोटोवरून तसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या एका बाईंना गवत कापायची गाडी न्यायची होती, जिच्यावर बसून कापतात ती. त्यांचं तिथलं अंगण मी नकाशात पाहिलं होतं. त्यात ती गाडी उभी राहिली असती, पण मग गवताला जागा उरली नसती.

पण माझ्या कोर्सचा खरा कणा म्हणजे कचरा. जपानमध्ये कचरा टाकणं ही परीक्षा आहे आणि ती आठवड्यातून चारदा असते. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं. पाण्याची बाटली असेल तर झाकण एकीकडे, कागदाची पट्टी दुसरीकडे, आणि धुतलेली बाटली तिसरीकडे. प्रत्येकाचा वार ठरलेला. पिशवी पारदर्शक, म्हणजे आपण काय खातो-पितो ते गल्लीला दिसतं. चूक झाली तर गाडीवाले पिशवी नेत नाहीत. तिच्यावर तांबडं स्टिकर लावतात आणि ती तिथेच, सगळ्यांच्या देखत, बसून राहते. मी वर्गात टेबलावर खराखुरा कचरा ओतायचे आणि जोडप्यांकडून वेगळा करवून घ्यायचे. त्यात दोन-तीन लग्नांची खरी परिस्थिती मला कळली.

मला स्वतःला पहिलं तांबडं स्टिकर मिळालं ते नारळामुळे. गणपतीच्या मोदकांसाठी मी नागोयाहून, परदेशी वाणसामानाच्या एका दुकानातून, नारळ आणला होता. खोबरं खवून झाल्यावर करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकली. पिशवी परत. न जळणाऱ्यात टाकली. पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या नाकामुरा बाई दारात आल्या, सत्तरीच्या, ॲप्रन बांधलेल्या. माझी कचऱ्याची पिशवी त्यांनी आहेर द्यावा तशी दोन्ही हातांत धरली होती. त्यांनी विचारलं, हे लाकूड आहे की वाडगा? मला जपानीत नारळ समजावता येईना. मग आम्ही दोघी करवंटी घेऊन गावच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने ती पाहिली, टिचकी मारून ऐकली, आत जाऊन साहेबांना दाखवली. तीन दिवसांनी फोनवर निर्णय आला की करवंटी ही वनस्पती आहे, बारीक तुकडे केल्यास जळणाऱ्यात चालेल. तुकडे करायला नाकामुरा बाईंचे यजमान हातोडी घेऊन आले. आले ते मोदक खाऊनच गेले. पुढची आठ वर्षं गणपतीला ते दोघं न बोलावता यायचे, आणि आम्ही गाव सोडलं तेव्हा नाकामुरा बाई स्टेशनवर माझ्याइतक्याच रडल्या.

कोर्स तयार करताना ही गोष्ट मी त्यात घातली नाही. शिकवणाऱ्या बाईलाच स्टिकर मिळालं होतं, हे सांगायला बरं वाटेना. कोर्समध्ये फक्त बरोबर उत्तरं होती.

आता तन्वीबद्दल. शुभा ही माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, नागपूरची. तन्वी तिची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, तिशीच्या आसपासची. बोलकी किती? दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभी राहिली की पुढच्या बाईच्या नातवाचं नाव, इयत्ता आणि दाताची तक्रार बिल होईपर्यंत तिला माहीत झालेली असायची. हसायची तेव्हा शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. तिचा नवरा ब्रायन इंजिनियर, अतिशय शांत. त्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जपानला पाठवायचं ठरवलं, आणि कोर्ससाठी दोघं माझ्याकडेच आली. तन्वीचं काम कॉम्प्युटरवरचं, ते तिला तिथूनही करता येणार होतं.

ओळखीची मुलगी म्हणून मी जास्तच मन लावून शिकवलं. खरं सांगायचं तर मला तिची काळजी वाटत होती. एवढ्या मोठ्याने हसणारी मुलगी तिथे एक आठवडा टिकायची नाही, असं मनात धरूनच मी सुरुवात केली. भिंती पातळ असतात, हळू बोल. शेजाऱ्यांना आपल्यामुळे त्रास होता कामा नये. कामाशिवाय कुणाची बेल वाजवू नकोस. गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फळी असते, आपण वाचून पुढच्या घरी द्यायची, तीही बेल न वाजवता दाराच्या मुठीला अडकवून ये. तन्वी सगळं लिहून घेत होती. शेवटच्या तासाला मी टेबलावर कचरा ओतला. तिने चार मिनिटांत, एकही चूक न करता, वेगळा केला. दुधाचा खोका तर तिने कापून, धुऊन, उलगडून वाळत घातला. मी शुभाला फोन करून सांगितलं की इतक्या वर्षांत इतकी चांगली विद्यार्थिनी मी पाहिली नाही.

दोघं गेली. आठ महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, शुभा माझ्या घरी आली. चपला न काढता आत आली, यावरून मला अंदाज आला.

“मेधा, तू माझ्या पोरीला काय करून ठेवलं?” ती म्हणाली.

तन्वीने परतीचं तिकीट काढलं होतं. एकटीचं. ब्रायन तीन वर्षं पुरी करून येणार होता, आणि मधल्या काळात त्यांच्या लग्नाचं काय होणार हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. ब्रायन तिथे सुखात होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं. तन्वी मात्र रोज आईला फोन करून रडत होती. आठ महिन्यांत तिच्या घरात एकही माणूस आला नव्हता आणि ती कुणाच्या घरात गेली नव्हती.

“आणि रडते पण कशी माहीत आहे? आवाज न करता,” शुभा म्हणाली. “मला आधी वाटायचं फोन कट झाला.”

मग तिने डोळे पुसले आणि त्याच दमात सांगितलं की तन्वीची जुनी खोली रंगवायला घेतली आहे आणि नवीन पलंगही येतो आहे. मुलगी दुःखात आहे याचं तिला दुःख होतं आणि मुलगी घरी येते आहे याचा आनंद. आया अशाच असतात.

संध्याकाळी, म्हणजे तिथे रविवारी सकाळी, मी तन्वीला व्हिडिओ कॉल केला. ती पडद्यावर आली आणि म्हणाली, “मावशी, एक मिनिट, खिडकी लावते.” खिडकी लावून आल्यावर ती जे बोलली ते मला ऐकू येईना. मी आवाज पूर्ण वाढवला. मुलगी कुजबुजत होती. स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, आपल्या मावशीशी. हे मी शिकवलेलं होतं.

“मावशी, आय अ‍ॅम डूइंग एव्हरीथिंग राइट,” ती म्हणाली. “तू सांगितलेलं सगळं करते. फळी मुठीला लटकवते, बेल नाही वाजवत. लोक दिसले की बो करते, बाजूला होते. कुणाला डिस्टर्ब नाही केलं. अँड स्टिल, नोबडी... लाइक, नोबडी, मावशी.”

“आणि कचरा?”

तिचा चेहरा जरा उजळला. “एट मंथ्स. नॉट वन स्टिकर.”

मला पहिल्या पंधरवड्यात दोन मिळाली होती. आणि त्याच पंधरवड्यात नाकामुरा बाई मिळाल्या होत्या. या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवायला मला इतकी वर्षं लागली. या पोरीच्या दारात कुणी यावं असं एकही कारण मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

नाकामुरा बाई तोवर हयात नव्हत्या. दर नवीन वर्षाला त्यांचं कार्ड यायचं आणि मी दर वर्षी उत्तरात लिहायचे की पुढच्या वर्षी नक्की येते. एका डिसेंबरमध्ये राखाडी किनारीचं साधं पोस्टकार्ड आलं. घरात कुणी वारलं असेल तर नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत, तसं आधी कळवतात. हा रिवाज मी वर्गात शिकवत होते, त्यामुळे न वाचताच मला समजलं. जायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी गेले नाही.

मी तन्वीला म्हटलं, “हे बघ, तू एखादी चूक कर.”

मग तिने वही ओढली. “ओके. कुठली?”

इथेच मला माझ्या शिकवण्याची पहिल्यांदा लाज वाटली. आम्ही दोघींनी बसून चूक ठरवली. गुरुवारी जळणाऱ्या कचऱ्यात एक अर्धवट प्यायलेली बाटली टाकायची, झाकण आणि पट्टीसकट. स्टिकर लागेल, कुणीतरी पिशवी घेऊन येईल, आपण माफी मागायची, चहा विचारायचा. योजनेत मला काही खोट दिसत नव्हती. शुभाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिचा पलंग त्याच आठवड्यात यायचा होता.

गुरुवारी तन्वीने बाटली टाकली आणि दिवसभर दाराकडे कान लावून बसली. कुणी आलं नाही. शुक्रवारी सकाळी तिने दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर तिची बाटली उभी होती. स्वच्छ धुतलेली. पट्टी काढलेली. झाकण वेगळ्या छोट्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, शेजारी ठेवलेलं. चिठ्ठी नाही, स्टिकर नाही. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी गाडी यायच्या आत तिची चूक निस्तरली होती, तिला कमीपणा वाटू नये म्हणून. माझा इतक्या वर्षांचा अनुभव, आणि हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढे काय झालं ते तन्वीने मला नंतर सांगितलं. आधी तिला वाईट वाटलं की आता चूक केली तरी कुणी येत नाही. आणि मग तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली.

“मावशी, ती बाटली मी तोंड लावून प्यायले होते,” ती म्हणाली. “उष्टी होती! आणि समबडी वॉश्ड इट!”

शुभाने या मुलीला अमेरिकेत वाढवलं, पण आपलं उष्टं ताट दुसऱ्याला उचलू द्यायचं नाही हे तिच्यात असं मुरवलं होतं की आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो की ही लहानपणी माझ्याशी ताटासाठी झोंबाझोंबी करायची. माझा दोन दिवसांचा कोर्स त्यापुढे टिकला नाही. तन्वी बाटली हातात घेऊन, घरातल्या सपाता घालून, तशीच रस्त्यावर आली आणि गल्लीतल्या घरांच्या बेला वाजवत सुटली. सकाळचे पावणेआठ. सपाता घालून बाहेर पडायचं नाही, आठच्या आत बेल वाजवायची नाही, आवाज चढवायचा नाही. माझ्या कोर्सची पहिली चार पानं तिने पाच मिनिटांत निकालात काढली. प्रत्येक दारात ती मोडक्या जपानीत एकच विचारत होती, “ही कुणी धुतली? मला सांगा कुणी धुतली!”

पहिल्या तीन घरांनी माफी मागितली. त्यांनी धुतली नव्हती, पण मागितली. चौथ्या दारात एक म्हातारे गृहस्थ आले, निवृत्त शिक्षक. त्या आठवड्यात कचऱ्याच्या जागेवर देखरेख करायची पाळी त्यांची होती. बाटली पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते वाकून माफी मागायला लागले. तन्वीही वाकून माफी मागायला लागली. दोघं एकमेकांपेक्षा खाली वाकत गेली आणि खाली गेल्यावर तन्वीला रडू फुटलं. आवाज करून. आठ महिन्यांचं एकदम. त्या गल्लीत तसा आवाज पूर्वी कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. आतून त्यांची बायको धावत आली, तिने तन्वीला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

तन्वी तिथे दुपारपर्यंत होती. त्या आजींनी तिला दोनदा जेवायला घातलं. मग बऱ्याच वेळाने, फार संकोचून, त्यांनी विचारलं की रविवारी तुझ्या घरातून तडतड आवाज येतो आणि मग तो वास येतो, ते काय असतं? फोडणी असायची. आजींना आठ महिने विचारायचं होतं. तन्वीने विचारलं, मग विचारलं का नाही?

आजी म्हणाल्या, “तुम्ही इतकं नीट वागायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला कुणी नको असेल.”

हे वाक्य तन्वीने मला फोनवर आधी जपानीत आणि मग मराठीत सांगितलं. मी तिला म्हटलं, आवाज कमी कर, कानठळ्या बसतात. आणि मग लगेच म्हटलं, नको, राहू दे.

तिकीट तिने कॅन्सल केलं. ब्रायनच्या सुखात जरा खंड पडला, कारण घरात माणसं येऊ लागली. तो तेही शिकला. परवा म्हणे त्याने आजींच्या नळाचा वायसर बदलून दिला.

कोर्समध्ये मी शेवटी अर्धा तास वाढवला. विषय ठेवला, ‘निदान दोन चुका करून ठेवा’. एका कंपनीच्या एचआरने तो पाहून काढायला सांगितलं. त्यांचं म्हणणं, आम्ही चुका होऊ नयेत म्हणून तुम्हाला बोलावतो. त्यांचंही बरोबर होतं. मग मी तो भाग जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता, तोंडी शिकवायला लागले. करवंटीसकट सगळा सांगायचे. त्याआधी गेलेल्या जोडप्यांचं मात्र मला वाईट वाटतं. त्यांतली कितीतरी माझ्या हुशारीने गुपचूप, नीटनेटकी, एकटी राहून परत आली असतील. ‘फार उपयोग झाला’ असं अभिप्रायाच्या कागदावर लिहून गेलेली.

शुभा माझ्याशी चार महिने बोलली नाही. रंगवलेली खोली आणि नवा पलंग तसाच होता. नंतर बोलायला लागली, पण पलंगाचा विषय आम्ही दोघी टाळायचो.

गेल्या महिन्यात ती दुपारची माझ्याकडे आली. मी काम बंद करून वर्ष होत आलं होतं आणि जुन्या कोर्सचे कागद टाकून देण्यासाठी काढून बसले होते. ती शेजारी बसली, एकेक कागद उचलून बघू लागली. मग म्हणाली की ब्रायनची बदली आणखी दोन वर्षांनी वाढली आहे. तन्वीनेच आग्रह धरला म्हणे. त्या आजींचा गुडघा बदलायचा आहे, अशात सोडून कसं यायचं, असं म्हणत होती.

शुभा स्वतः पस्तीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून नागपूर सोडून इथे आली होती.

“पाठवायचा कोर्स तू इतकी वर्षं घेतला,” ती कागद खाली ठेवत म्हणाली. “परत यायचा का नाही काढला गं कधी?”

“असता तर पहिल्या बाकावर मीच बसले असते, शुभा.”

तिने खाली ठेवलेला कागद पुन्हा उचलला.

“मग माझी पण जागा धरायची होतीस,” ती म्हणाली.